रबराच्या झाडाचे माहेर

सूनबाईंनी दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या बिऱ्हाडी कुंडीतले रबराचे झाड आणले. तळहाताहून मोठी, जाड, तुकतुकीत पाने. पाहणाऱ्याची नजर ठरावी अशी. मी तिथे राहायला गेलो आणि झाडाचे काम आपण होऊन अंगावर घेतले. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागलो. पण खालची पाने पिवळी पडून एकेक गळू लागली. जन्मभर द्राक्षबाग सांभाळलेला मी; एक कुंडी सांभाळता येईना! सूनबाई काही बोलत नसत, पण मलाच शरम वाटे.

गेल्या मार्गशीर्षात मेघालयात जाण्याचा योग आला आणि या झाडाचे माहेरच पाहायला मिळाले.

शिलाँगहून चेरापुंजी सुमारे ५५ किलोमीटर. तिथले लोक त्याला सोहरा म्हणतात. पुढे तिरना गाव, आणि तिथून खाली नोंगरियाटला जायला ३,००० वर पायऱ्या. गुडघे बोलू लागले. वाटेत सुपारी, फणस पाहून क्षणभर कोकणातच आल्यासारखे वाटले. खाली ओढ्यावर एकावर एक असे दोन पूल, आणि दोन्ही झाडाच्या जिवंत मुळांचे! खासी भाषेत या झाडाला ‘ज्री’ म्हणतात. हे आपले कुंडीतले रबराचेच झाड. वड-पिंपळाच्या कुळातले. केरळात ज्याचा चीक काढतात ते रबर निराळे.

काठावरच्या झाडाची कोवळी मुळे बांबूच्या किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडाच्या आधाराने पलीकडे न्यायची आणि तिथे रुजू द्यायची. पूल माणसाचे ओझे पेलण्याजोगा व्हायला पंधरा-वीस वर्षे तरी जातात. लावणारा पुष्कळदा नातवंडांसाठीच लावतो.

ज्यांच्या घरी उतरलो त्या म्हाताऱ्या गृहस्थांना मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले, “इथे वर्षाला ११,००० मिलिमीटरवर पाऊस. तरी हे झाड कुजत कसे नाही?” त्यांनी नुसते बोट दाखवले. झाड कड्याच्या खडकाला मिठी मारून उभे होते. पाणी येत होते आणि वाहून जात होते. मुळाशी थांबत नव्हते. शिवाय हिवाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नसतो. मनात म्हटले, सून घरी आणावी आणि तिच्या माहेरची रीत विचारूच नये, तसे माझे झाले होते.

घरी येताच कुंडी उचलली. बाहेरच्या शोभेच्या भांड्याला भोकच नव्हते. तळाशी चार बोटे पाणी साचलेले, मुळे काळी पडून वास मारत होती. सडलेली मुळे कापली. तळाला भोक असलेली कुंडी घेतली. माती, कुजलेले शेणखत आणि जाड वाळू समभाग मिसळून झाड पुन्हा लावले. पूर्वेच्या खिडकीपाशी, भरपूर उजेडात पण दुपारच्या उन्हापासून दूर ठेवले. आता मातीत बोट घालून पाहतो. दोन पेरे कोरडी लागली तरच पाणी. थंडीत त्याहून कमी. आठवड्याला ओल्या फडक्याने पाने पुसतो, कारण धुळीने त्यांचा उजेड अडतो. जागा वारंवार बदलत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. याचा पांढरा चीक अंगाला खाजतो आणि पोटात गेल्यास बाधतो. लहान मुले व गुरे दूर ठेवावीत. आणि झाड फार वाढले म्हणून घराच्या भिंतीलगत जमिनीत लावू नये. पूल बांधणारी मुळे ती. पाया उचलायला त्यांना वेळ लागणार नाही. त्यापेक्षा शेंड्याला गुटी बांधावी. डाळिंबाला बांधता येते त्याला हेही जमेल.

वैशाखात शेंड्याला तांबडे टोक दिसले. चार दिवसांनी त्याचे आवरण गळून नवे पान उलगडले. सूनबाईंनी मला हाक मारून ते दाखवले. मी ते पहाटेच पाहिले होते, पण सांगितले नाही.