वाघाटी

मालवणहून कसालकडे येताना, थंडीच्या दिवसांत, रस्त्याकडेच्या एखाद्या झाडावर चढलेली ती अवचित दिसते. हातभर लांबीचे ताठ तुरे, शेंदरी आणि पिवळ्या रंगांचे, खालून वर उमलत जाणारे. शिंबावंत कुळातली, सागरगोटा नि चिल्हार यांच्या नात्यातली ही काटेरी झुडूपवेल. वाटाण्याच्या फुलाचा फुलपाखरी घाट मात्र हिच्या फुलांना नाही. पश्चिम घाट आणि त्याला लागून असलेला मुलूख सोडला तर जगात अन्यत्र ती आपसूक उगवत नाही.

पुस्तके हिला वाकेरी म्हणतात. माझी आजी वाघाटी म्हणे. कोल्हापूरला शिकत असताना, नव्या विद्येच्या तोऱ्यात, चार माणसांदेखत मी तिची चूक काढली होती. वाघाटी म्हणजे गोविंदफळ. देशावर आषाढी द्वादशीला जिची भाजी करतात ती. तिचे कूळसुद्धा निराळे. आजी एवढेच म्हणाली, "आमी हेका वाघाटीच म्हणतव." मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पुष्कळ वर्षांनी डाल्झेलविषयी वाचनात आले. मुंबई इलाख्यातला हा वनस्पतिशास्त्रज्ञ. गिब्सनसोबत त्याने १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध केला. त्याआधी, १८५१ मध्ये, याच वेलीसाठी त्याने एक नवी प्रजाती स्थापिली आणि तिला नाव दिले 'वागाटिया'. इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द, लॅटिनचा अंगरखा चढवलेला. म्हणजे आजीचा शब्द निदान दीडशे वर्षांचा तरी होता, आणि एका परक्या साहेबाने तो माझ्यापेक्षा अधिक आदराने ऐकला होता.

वागाटिया टिकले नाही. आदाँसाँ या फ्रेंच पंडिताने १७६३ मध्येच 'मौलावा' हे नाव योजलेले होते, आणि या शास्त्रात आधीचे नाव ते खरे. नियमाबद्दल तक्रार नाही. ज्या न्यायाने मी आजीला खोडले, त्याच न्यायाने तिचा शब्द ग्रंथांतूनही उतरला. आज तो जुन्या, बाद नावांच्या यादीत असतो. हे सारे वाचले तेव्हा आजी जाऊन सहा वर्षे झाली होती.

आमच्या कुंपणावरची वेल त्याच्याही आधी गेली. काजूची कलमे लावायची म्हणून मीच ती काढायला सांगितली. काढणाऱ्या गड्याला, उगाच परीक्षा पाहावी तसे, तिचे नाव विचारले. कोयता न थांबवता तो म्हणाला, "नाव खयचा? काट्यांचा रान ता."