गेल्यावर ओळखलेला तारा

२४ फेब्रुवारी १९८७ रोजी चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांनी टिपलेल्या छायाचित्रात एक तेजस्वी ठिपका आढळला. आदल्या रात्री तो तेथे नव्हता. मोठ्या मॅगेलन मेघात, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे दूर, एक प्रचंड तारा फुटला होता. परंतु कोणता?

जुन्या छायाचित्रांत त्या जागी एक निळा महातारा होता. निकोलस सँडुलिक यांनी आपल्या यादीत त्याची नोंद केली होती. तरीही शास्त्रज्ञ कचरले. फुटणारा तारा तांबडा असावा, अशी त्यांची समजूत होती. शिवाय त्याच्या निकट आणखी दोन तारे होते. उपग्रहाच्या अतिनील निरीक्षणांवरून तर काही काळ निळा तारा जागेवरच असल्यासारखे वाटले. स्फोटाचे अतिनील तेज ओसरल्यावर उलगडा झाला: उरले होते ते दोन शेजारी; निळा तारा नाहीसा झाला होता.

हे वाचताना आम्हांस आमचीच एक चूक आठवली. आमच्या धर्मग्रामात अनेक वर्षे घंटा वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ वारले. महिन्याच्या मिस्सेच्या वेळी ठेवावयास घरी त्यांचा एकही फोटो नव्हता. आम्ही चर्चच्या सणाचे एक जुने समूहचित्र शोधून काढले आणि फादरांच्या शेजारी उभ्या असलेल्या तरुणावर खात्रीने बोट ठेवले. घंटेचा मानकरी तेथेच असणार, ही आमची समजूत!

त्यांची कन्या हळूच म्हणाली, “फादर, ते माझे काका. बाबा मागे आहेत, खांबापाशी.”

आम्ही खजील झालो. चेहरा न पाहता आम्ही जागा पाहिली होती.

पुढे २००३ साली एम ७४ या दीर्घिकेत असाच स्फोट झाला. हबल दुर्बिणीच्या जुन्या चित्रात त्या जागी एक तांबडा महातारा सापडला. कालांतराने पुन्हा पाहिले, तेव्हा तो दिसेनासा झाला होता. ओळख पक्की ठरली. आधीचे चित्र नसते, तर नंतरचे निरर्थक ठरले असते.

सँडुलिक यांनी नोंद केली, तेव्हा तो हजारोंपैकी एक तारा होता. पुढे तोच फुटेल, हे कोणास ठाऊक होते?

आता घरभेटीस गेलो की आम्ही भिंतीवरील फोटो उतरवावयास सांगतो आणि मागे नावे लिहून घेतो. सुरुवात मागच्या रांगेपासून करतो.