दोन पानांची ओळ

उसाची नोंदवही उघडली की अख्खं टेबल भरून जायचं. एका शेतकऱ्याची नोंद डाव्या पानावर सुरू व्हायची आणि उजव्या पानावर संपायची. डावीकडे नोंद क्रमांक, गट, गाव, नाव, सभासद की बिगरसभासद. उजवीकडे क्षेत्र, लागणीची तारीख, लागणीचा प्रकार, उसाची जात आणि अगदी कडेला तोडणीची तारीख. मधे शिलाई. वही जुनी झाली, शिलाई सैल पडली की उजवं पान बोटभर खाली सरकायचं आणि तेविसाव्या ओळीतल्या माणसाच्या नावावर बाविसाव्या ओळीतला ऊस चढायचा. म्हणून अण्णांकडे एक लांब लाकडी पट्टी होती. ती दोन्ही पानांवर आडवी टाकल्याशिवाय ते एक अक्षर वाचत नसत.

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी 2004 साली कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी, एवढी पुंजी. अण्णा तिथले जुने क्लार्क. माउसला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. ‘तुझं यंत्र तू बघ, माझी वही मी बघतो,’ असा करार त्यांनी पहिल्याच आठवड्यात करून टाकला. तरीही आज कुणी मला विचारलं की एक्सेल कुणाकडून शिकलीस, तर माझ्या तोंडी पहिलं नाव त्यांचंच येतं. ऐकणारे हसतात. हसू देत.

माझं काम म्हणजे वहीतल्या नोंदी फाइलीत भरायच्या आणि साहेब विचारतील ते आकडे काढून द्यायचे. साहेबांचे प्रश्न कधीच साधे नसत. नुसते आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या दीड वर्षाच्या उसाचे प्लॉट किती, असं विचारलं असतं तर काउंटइफ होतंच. एक कॉलम, एक अट, मिळालं उत्तर. पण प्रश्न असा यायचा: अमक्या गटात, सभासदांचे, आडसालीचे, 86032 जातीचे, पंधरा जुलै ते पंधरा ऑगस्टमध्ये लावलेले किती? मोजायचं एका कॉलममध्ये आणि अटी पसरलेल्या बाकीच्या पाच कॉलमांत. आमच्याकडे 2003 चं एक्सेल. त्यातल्या काउंटइफला एकच अट कळायची. मग फिल्टर लावा, खाली पट्टीवर आलेला आकडा कागदावर उतरवा, फिल्टर काढा, पुढचा गट. नाहीतर गट, प्रकार आणि जात एका जादा कॉलममध्ये जोडून एकच लांबलचक शब्द करा आणि तो मोजा. तारखेला मात्र ही युक्ती चालत नसे, कारण ‘पासून-पर्यंत’ला जोडशब्द होत नाही.

कारखान्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळायला कोल्हापूरहून एक मुलगा यायचा. त्याने एकदा जाता जाता मला सम्प्रॉडक्टचा फॉर्म्युला लिहून दिला. कंसात गट बरोबर अमुक, गुणिले कंसात प्रकार बरोबर आडसाली, गुणिले कंसात तारीख पंधरा जुलैच्या पुढची, गुणिले कंसात पंधरा ऑगस्टच्या आतली. उत्तर आलं, आणि तेही बरोबर. पण मोजायचं असताना गुणाकार कशाला, हे त्याला सांगता येईना. ‘मॅडम, चालतंय ना? मग राहू द्या,’ म्हणाला आणि एस.टी. पकडायला गेला.

गुणाकार मला कळला तो अण्णांच्या पट्टीमुळे. ते मोजायला बसले की पट्टी एका ओळीखाली ठेवत आणि ओठांतल्या ओठांत ओळीला प्रश्न विचारत. गट हाच का? हो. आडसाली का? हो. जात तीच का? न्हाई. झालं, पट्टी खाली. पुढची तारीख ते बघतच नसत. सगळ्या प्रश्नांना ‘हो’ आलं तरच समासात शिसपेन्सिलीने एक बारीक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. ते बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘हो’ म्हणजे एक, ‘नाही’ म्हणजे शून्य. सगळे एक एकमेकांना गुणले तर एकच येतो, आणि मधे कुठेही एक शून्य आलं की सगळी ओळ शून्य. शेवटी उरलेल्या एकांची बेरीज घ्यायची. अण्णांची समासातली रेघ आणि सम्प्रॉडक्टमधला एक यांत काही फरक नव्हता.

पुढे कधीतरी जॉर्ज बूलबद्दल वाचलं. इंग्लंडातल्या लिंकनमध्ये बूट-चपला शिवणाऱ्याचा मुलगा, फारसं रीतसर शिक्षण नाही. 1854 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ‘हेही आणि तेही’ या विधानाला सरळ गुणाकार मानलं. कोल्हापूरच्या मुलाला जे सांगता आलं नव्हतं ते तिथे दीडशे वर्षं लिहून ठेवलेलं होतं. पण मी ते वाचलं तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही, कारण तोवर मी अण्णांच्या टेबलाशी दोन हंगाम काढले होते.

2006-07 चा हंगाम आमच्या पिढीचा एकही कारखाना-कामगार विसरणार नाही. महाराष्ट्रात ऊस अमाप झाला होता. उन्हं चढली तरी रानं उभी, मजुरांच्या टोळ्या गावाकडे परतायच्या घाईला आलेल्या, आणि शेतकी खात्याच्या दारात शेतकऱ्यांची रांग. उसाला उशीर म्हणजे वजनात घट, आणि आडसाली तर अठरा महिन्यांच्या पुढे गेला की पोकळी, पाचट सगळं सुरू. 2005 च्या जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उसाची मुदत फेब्रुवारीतच भरली होती. मार्चमध्ये मला सांगितलं गेलं: लागण पंधरा जुलै ते पंधरा ऑगस्टमधली, प्रकार आडसाली आणि तोडणीच्या तारखेचा सेल रिकामा, असे प्लॉट गटवार मोजून द्या. त्यावर टोळ्या वळवायच्या होत्या.

रिकाम्या सेलची अटही अट असते, हे तेव्हा नव्यानेच कळत होतं. सम्प्रॉडक्ट लावलं की पडदा गोठायचा. हजारो ओळी, प्रत्येक ओळीला चार-पाच प्रश्न, आणि तेही प्रत्येक गटासाठी वेगळे. आम्ही एंटर मारून चहाला जायचो. एकदा परत आलो तेव्हा बाकी सगळ्या गटांचे आकडे शेकड्यांत आणि एका गटाचा मात्र दोन आकडीही नाही. नदीकाठचा, पाण्याचा, सगळ्यात जास्त आडसाली लावणारा तोच गट. फॉर्म्युला तपासला, कंस मोजले. चूक सापडेना.

अण्णांना छापील यादी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि लागणीच्या तारखांवरून बोट खाली नेलं.

‘ही सगळी माणसं आठ तारखेलाच ऊस लावतात का गं?’

मी बघितलं. आठ जानेवारी, आठ मार्च, आठ मे, आठ नोव्हेंबर. एकामागून एक आठच.

‘आणि मे महिन्यात आडसाली कोण लावतं? पाणी काय आभाळातनं पडणार हाय?’

त्या गट ऑफिसातल्या कॉम्प्युटरची तारखेची मांडणी अमेरिकन होती, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. तिथल्या मुलाने पाच ऑगस्ट म्हणून 5/8 टाइप केलं की यंत्राने ते आठ मे समजून घेतलं. बारा ऑगस्ट झाला आठ डिसेंबर. तेरा ऑगस्टचं काय करायचं हे यंत्राला कळेना, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून त्याने ती तारीख न मानता नुसती अक्षरं म्हणून ठेवून दिली, सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली. पंधरा जुलैपासून महिनाअखेरपर्यंतच्या तारखांची गतही तीच. बरोबर उरली फक्त आठ ऑगस्टची लागण, कारण ती उलटी वाचली तरी आठ ऑगस्टच. आमच्या फॉर्म्युल्याने तेवढीच मोजली होती.

मला आजही वाटतं, त्या दिवशी फॉर्म्युला येणारा माणूस खात्यात बसलेला होता म्हणून काही बिघडलं नाही असं नव्हे. मे महिन्यात नदीकाठी पाण्याचं काय होतं हे माहीत असलेला माणूस बसलेला होता. तारखा दुरुस्त केल्या आणि तो गट यादीत सगळ्यात वर आला.

आकडा घेऊन साहेबांकडे गेले तेव्हा तिथे एक संचालक बसलेले होते. ‘म्हणजे एवढ्या शेतकऱ्यांचा ऊस राहिला,’ ते म्हणाले. मी मान डोलावणार, तेवढ्यात अण्णा मागून बोलले, ‘शेतकरी न्हाईत साहेब, प्लॉट हायत. एकाचे तीन-तीन असतील.’ प्लॉट मोजणं सोपं, एक ओळ म्हणजे एक प्लॉट. शेतकरी मोजायचे तर एकाच माणसाच्या तीन ओळींनी मिळून एकच भरला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक ओळीला त्या माणसाच्या एकूण ओळींनी भागलेला एक द्यायचा, म्हणजे तिघी मिळून एक होतात. ती युक्ती मला नंतर जमली. पण असा प्रश्न असतो, हे मला त्या खोलीत कळलं. मोजण्याआधी ‘काय मोजतोय’ हे विचारायची सवय तेव्हापासून मला लागली ती लागलीच, आणि घरचेही तिला आता कंटाळले आहेत.

त्याच यादीत एक ओळ अण्णांच्या नावाची होती. त्यांचा स्वतःचा आडसाली उभा होता, मुदत उलटून गेलेला. खात्यातला माणूस, एका चिठ्ठीवर टोळी मिळाली असती; इतरांना मिळतही होती, आणि त्यात कारखान्याच्या वरच्या खुर्चीतल्यांच्या नात्यागोत्याची माणसं किती होती ते आम्हा दोघांना यादीवरून लख्ख दिसत होतं. लागण उशिराची आणि तोडणी लवकरची, अशा दोन अटी लावल्या की क्रमपाळी, म्हणजे लागणीच्या तारखेप्रमाणे ठरलेला तोडणीचा नंबर, मोडून गेलेला ऊस आपोआप मोजला जातो. तो आकडा आम्ही काढला. अण्णांनी तो वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिला, पुढे कुठेही दिला नाही. ‘उद्या कुणी विचारलं तर असू दे,’ म्हणाले. कुणी विचारलं नाही. त्यांच्या उसाला टोळी मिळाली ती त्यांच्या नंबरावर, भर उन्हाळ्यात. वजनाची पावती त्यांनी मला दाखवली नाही आणि मीही मागितली नाही.

2010 च्या सुमारास आमच्याकडे नवं एक्सेल आलं आणि त्यात काउंटइफ्स सापडलं. ते 2007 पासूनच होतं, आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. आता गुणाकार नको, कंसांची गर्दी नको. कॉलम, अट, कॉलम, अट, अशा 127 जोड्या एका दमात लिहिता येतात. तारखेचा कॉलम दोनदा घ्यायचा, एकदा ‘पासून’साठी, एकदा ‘पर्यंत’साठी. पडदाही गोठेना. मी खुशीत अण्णांना दाखवायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पट्टी कुठाय यात?’

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. काउंटइफ्सला दिलेले कॉलम कमीजास्त लांबीचे असले तर ते ठणकावून नकार देतं. पण एक कॉलम दुसऱ्या ओळीपासून आणि दुसरा तिसऱ्या ओळीपासून घेतला, लांबी मात्र सारखी ठेवली, तर ते निमूटपणे मोजतं आणि धडधडीत खोटं उत्तर देतं. सैल शिलाईची वही ती हीच. जातीच्या कॉलमचंही तसंच. कुणी 86032 लिहितं, कुणी ‘को 86032’. नुसता आकडा अट म्हणून दिला तर काउंटइफ्स आकड्याच्या रूपातला आणि अक्षरांच्या रूपातला असे दोन्ही 86032 उदारपणे मोजतं, पण ‘को’वाले सगळे सुटतात. ‘को’वाले पकडायला पुढे तारा (*, म्हणजे ‘इथे काहीही चालेल’) लावावा तर आकड्यात लिहिलेले सुटतात. गावाच्या नावामागे एक न दिसणारी जागा राहिली की ते गाव वेगळं. म्हणून आजही मी मोठा फॉर्म्युला लिहिला की दहा ओळी हाताने मोजते. नव्या मुलांना यात वेळेचा अपव्यय दिसतो, त्यांचं म्हणणं मी ऐकून घेते.

ऋण फेडायचंच तर यादी लांब आहे. 1978 मध्ये हार्वर्डच्या वर्गात फळ्यावर एक आकडा खोडला की सगळे आकडे पुन्हा खोडून लिहावे लागतात हे बघून वैतागलेला डॅन ब्रिकलिन, आणि रात्र-रात्र बसून ती कल्पना चालवून दाखवणारा बॉब फ्रँकस्टन. 1979 साली त्यांचं व्हिजिकॅल्क आलं. सॉफ्टवेअरला पेटंट मिळणं तेव्हा अवघड, त्यांनी ते घेतलं नाही, आणि मग लोटस, एक्सेल सगळे त्याच वाटेने आले. अण्णा बेरजा पेन्सिलीने का लिहीत, याचं उत्तर ब्रिकलिनच्या फळ्यावर मिळतं. पण त्या दोघांना माझा नमस्कार पोचायचा नाही, आणि त्यांची माझ्यावर काही उधारी आहे असं त्यांना वाटतही नसेल. अण्णांची आहे.

निवृत्त झाल्यावर ते दरवर्षी लागणी सुरू झाल्या की फोन करायचे. ‘किती नोंदी झाल्या’ असं नुसतं कधी विचारलं नाही. आडसालीची नोंद पंधरा जुलैपासून धरायची; एका जुलैत विचारलं, ‘पंधरा तारखेच्या आत लावून पंधरा म्हणून लिहिलेले किती?’ मी म्हटलं, अण्णा, पंधरा तारखेच्या नोंदी सांगते, लबाडी कशी मोजू? तर म्हणाले, ‘पंधराच्या किती आणि सोळाच्या किती, ते सांग.’ पंधराच्या ढिगाने होत्या, सोळाच्या हातावर मोजण्याइतक्या. ते मनापासून हसले. मग म्हणाले, ‘आणि एकाच बांधातलं रान, निम्मं नवऱ्याच्या नावावर, निम्मं बायकोच्या नावावर, तोडणीचे दोन नंबर मिळावेत म्हणून. असे किती?’

त्याला आमच्या फाइलीत कॉलमच नव्हता. पुढच्या हंगामापासून मी तो घातला.