शेपूवरचा कॅटरपी

जून २०२१ मधला एक शनिवार. आम्ही डेकवर चहा घेत बसलो होतो आणि आमची सौ. बॅकयार्डातल्या वाफ्यापाशी उभी राहून संतापली होती. दर उन्हाळ्यात ती मेथी, कोथिंबीर आणि शेपू लावते. पैकी शेपू घरात तिच्याखेरीज कोणी खात नाही. त्यामुळे शेपूवर अळ्या पडल्या ह्या बातमीने आम्हांला जेवढं दुःख व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. अळ्या मात्र देखण्या होत्या. करंगळीएवढ्या, हिरव्यागार, अंगावर काळे पट्टे आणि पट्ट्यांवर पिवळे ठिपके. सौ.ने भांड्यांच्या साबणाचं पाणी भरलेली स्प्रेची बाटली उचलली, आणि तेवढ्यात शनिवारी अकराच्या आत खोलीबाहेर न पडणारे आमचे चिरंजीव, वय वर्षे नऊ, अनवाणी धावत आले.

"आई, नो! डोन्ट! तो कॅटरपी आहे!"

त्यांनी गवताची काडी घेऊन अळीच्या पाठीला हलकेच टोचलं. अळीने डोकं मागे टाकलं आणि मानेतून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली. त्याबरोबर एक उग्र वास आला. चिरंजीव म्हणाले, "सी? सेम शिंग!" सौ. म्हणाली, "शी!" आणि आम्ही कप हातात धरून तसेच उभे राहिलो, कारण तो प्रकार आमच्या ओळखीचा होता. कोथरूडला आमच्या इमारतीमागच्या भिंतीला लागून कढीलिंबाचं झाड होतं. फोडणी तडतडायला लागली की आई आम्हांला पानं आणायला पिटाळायची आणि पानांबरोबर एखादी अळी हमखास घरात यायची. तिला डिवचलं की अशीच शिंगं आणि असाच नाक धरायला लावणारा वास. पस्तीस वर्षांत हे आम्हांला एकदाही आठवलं नव्हतं.

ज्यांच्या घरात त्या वयाची मुलं नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पोकेमॉन हा निन्टेन्डोच्या यंत्रावर खेळायचा जपानी खेळ. जपानात तो १९९६ साली आला, अमेरिकेत १९९८ साली. खेळाडूने रानावनांत हिंडायचं, तिथले चित्रविचित्र प्राणी पकडायचे, वाढवायचे, दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे आणि मित्रांशी अदलाबदल करायची. सुरुवातीला प्राणी १५१ होते, आता हजाराच्या वर गेले आहेत. प्रत्येकाची एक जात असते: आग, पाणी, गवत, वीज वगैरे. त्यांतली एक जात किड्यांची. कॅटरपी ही दहाव्या नंबरची हिरवी अळी, डोक्यावर लाल शिंगासह. सातव्या पातळीला तिचा कोश होतो आणि दहाव्या पातळीला फुलपाखरू.

ह्या खेळाबद्दल आमचं मत तोपर्यंत बरं नव्हतं. शनिवार-रविवारी एक तास एवढीच परवानगी होती आणि तीही दिली म्हणजे उपकार केले अशा थाटात. "एवढ्या वेळात पावकी-निमकी पाठ झाली असती," असं आम्ही म्हणत असू. (आम्हांला स्वतःला निमकी येत नाही, हा भाग वेगळा.) त्या दिवशी मात्र अळ्यांना जीवदान मिळालं, त्यांतली एक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत शेपूसकट राहायला गेली, आणि आम्ही पहिल्यांदाच चिरंजीवांच्या शेजारी बसून म्हटलं, "दाखव बरं, आणखी कुठले किडे आहेत तुझ्याकडे."

मंडळी, निम्मं बालपण त्यात निघालं! पाण्यावर पाय फाकून पळणारी निवळी होती, चतुर होता, काजव्यांची जोडी होती. हेराक्रॉस पाहिला तेव्हा तर आम्ही उडालोच. जपानात काबुतोमुशी नावाचा शिंगवाला भुंगा असतो, मुलं तो पाळतात आणि झुंजवतात. त्याच्यावरून हा बेतलेला. त्याचा चुलतभाऊ, म्हणजे आपला गेंड्या भुंगा, रेवदंड्याला आमच्या आत्याच्या वाडीत नारळाच्या शेंड्यात शिरायचा. काका झाडावर गडी चढवून लोखंडी आकडीने त्याला बाहेर ओढायला लावायचे आणि आम्ही खाली उभे राहून तो कुठे पडतो ते बघायचो. जपानी मुलांचा हीरो आमच्या काकांचा वैरी होता.

कॅटरपीचा कोश झाला की त्याला मेटापॉड म्हणतात. त्याची स्वतःची अशी एकच विद्या: अंग टणक करणे. टणक होऊन पडून राहायचं आणि पातळी वाढायची वाट बघायची. ग्रीन कार्डाच्या रांगेत आमची जी वर्षं गेली त्यांचं इतकं नेमकं चित्र आम्ही दुसरीकडे पाहिलेलं नाही. पॅरासेक्ट म्हणून एक आहे, त्याच्या पाठीवर अळंबी वाढते आणि पुढे किडा नावापुरता उरतो, त्याला चालवते ती अळंबीच. हेही निव्वळ कल्पनेतलं नाही. किड्यांच्या अंगात वाढणारी बुरशी खरोखर असते. हिमालयात ती कीडाजडी म्हणून भारी किमतीला विकली जाते. हे ऐकून सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे मॉर्टगेज."

एका गोष्टीवर मात्र आमच्यातला इंजिनियर अडून बसला. प्राण्याने रूप बदललं की खेळात त्याला इव्होल्यूशन म्हणतात. आता इव्होल्यूशन म्हणजे उत्क्रांती, ती पिढ्यान्‌पिढ्या चालते. एकाच जन्मात अळीचं फुलपाखरू होतं ती उत्क्रांती नव्हे, ते रूपांतर. चिरंजीव म्हणाले, "बाबा, इट्स जस्ट अ गेम." पण आमचं डोकं तिथेच अडकलं. ह्या खेळात मासे, उंदीर, अगदी दगडसुद्धा एकाच जन्मात रूप बदलतात. दगडाला हे कुठून सुचलं? रात्री सगळे झोपल्यावर शोधाशोध केली तेव्हा उलगडा झाला. ज्याने खेळ रचला त्याच्या डोक्यात आधी किडेच होते.

त्याचं नाव सातोशी ताजिरी, जन्म १९६५. लहानपण टोकियोच्या कडेला माचिदा गावात गेलं. किड्यांचं इतकं वेड की बरोबरीची मुलं त्याला डॉक्टर बग म्हणत. बाकीची पोरं झाडाला मध लावून भुंगे पकडायची. ह्याने झाडाखाली दगड ठेवायची युक्ती काढली, कारण भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात. मोठेपणी कीटकशास्त्रज्ञ व्हायचं त्याच्या मनात होतं. पण टोकियो पसरत आलं, तळी बुजली, झाडी गेली. तळ्याच्या जागी व्हिडिओ गेमची दुकानं आली आणि हा मुलगा किडे सोडून त्या दुकानांत रमला. १९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. दोन गेम बॉय एका केबलने जोडता येत. ती केबल बघून ताजिरीला काय दिसलं, तर तिच्यावरून किडे ह्या यंत्रातून त्या यंत्रात चालत जाताहेत. पुढे सहा वर्षं खपून त्याने खेळ बनवला. रान न पाहिलेल्या मुलांना किडे गोळा करता यावेत, एवढाच मूळ मतलब.

हे वाचलं आणि आम्हांला झोप येईना. माचिदाच्या जागी कोथरूड घातलं की सगळं जमत होतं. आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या इमारतीमागे मोकळा प्लॉट होता, त्यात पाच-सहा बाभळी. पावसाळ्यात बाभळीवर सोनपाखरं यायची, हिरवी, चकाकणारी. काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ती ठेवायची, वर्गात दप्तरातून न्यायची आणि मधल्या सुट्टीत बदलायची. एका मोठ्या सोनपाखराला चार गोट्या हा भाव होता. म्हणजे पकडणं, पाळणं, अदलाबदल, सगळं आम्ही केबलशिवाय केलेलं आहे. १९९१ साली प्लॉटवर इमारत उभी राहिली. बाबांनी त्याच इमारतीत फ्लॅट घेतला, तीन खोल्यांचा, वर गॅलरी. आम्हांला स्वतंत्र खोली मिळाली म्हणून आम्ही पेढे वाटले. बाभळींचा विषय कोणी काढला नाही, आम्हीही नाही.

त्या जूनमध्ये आणखी एक गोष्ट चालू होती. प्रिन्स्टनच्या आसपास राहणाऱ्यांना आठवत असेल. सिकाडा निघाले होते, सतरा वर्षं जमिनीखाली राहून एकदम वर येणारे. ह्यांना मराठीत काय म्हणावं ह्यावर आमच्याकडे वाद आहे. सौ. रातकिडे म्हणते, पण भर दुपारी बोंबलणाऱ्याला रातकिडा कसं म्हणणार? असो. ह्याच पिढीचे आई-बाप आम्ही २००४ साली मेरीलँडमध्ये पाहिले होते. मास्टर्सचा शेवटचा महिना होता, पदवीदानाच्या काळ्या गाऊनवर किडे येऊन बसत होते. कोणीतरी म्हणालं, आता हे २०२१ साली येणार. आमच्या अपार्टमेंटमधले आम्ही चौघे मराठी विद्यार्थी खदखदून हसलो. तोपर्यंत आपण केव्हाच पुण्याला! दोन-तीन वर्षं नोकरी, कर्ज फेडायचं, की परत.

२०२१ साली ते वेळेवर आले. आम्ही इथेच होतो. करोनामुळे दोन वर्षं आई-बाबांची भेट नव्हती.

चिरंजीव मेपलच्या बुंध्यावरून कवचं गोळा करत होते. पाठीवर चीर पडलेली, पाय तसेच खोडाला घट्ट. आम्हांला एक दाखवून म्हणाले, "हा शेडिंजा." मग समजावून सांगितलं. निन्काडा म्हणून जमिनीतला एक किडा असतो. विसाव्या पातळीला तो उडता किडा होतो. पण सहाजणांच्या टोळीत एक जागा रिकामी असेल, तर त्याचं टाकलेलं कवचसुद्धा वेगळा प्राणी होऊन त्या जागेवर येऊन बसतं. आत कोणी नसतं. शक्ती कायम एक, कधी वाढत नाही. "पण त्याला मारणं हार्ड असतं," चिरंजीव म्हणाले, आणि बोटांवर हिशेब करून, "नेक्स्ट टाइम २०३८. बाबा, यू विल बी फिफ्टी-एट. तेव्हा आपण कुठे असू?"

आम्ही म्हटलं, "चल, बरणीतल्या अळीला शेपू घालू."

आता आबांबद्दल. आबा म्हणजे आमचे वडील. दर रविवारी पुण्याला फोन व्हायचा. "काय रे, जेवलास का?" "हो." "शाळा काय म्हणते?" "गुड." आणि फोन आमच्या हातात परत. दोष कोणाचाच नव्हता. आबांना विचारण्यासारखं दुसरं सुचत नसे आणि ह्याला मराठीत सांगण्यासारखं. रविवारच्या मराठी शाळेत पाळीव प्राणी आणि फळं झाली होती. किडे कोणी शिकवत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये फोनवरच्या पोकेमॉन गोमध्ये विव्हिलॉन नावाचं फुलपाखरू आलं. त्याची गंमत अशी की पंखांवरची नक्षी जगाच्या भागाप्रमाणे बदलते. ज्या भागातल्या मित्राने तिथल्या ठिकाणाचं पोस्टकार्ड पाठवावं, त्या भागाची अळी मिळते. पहिल्या खेपेला तीन पोस्टकार्डं, पुढच्या खेपेला नऊ, मग पंधरा. भारताच्या नक्षीचं नाव मॉन्सून. चिरंजीवांच्या वर्गात ती कोणाकडेच नव्हती. ज्या वर्गात डब्यातली पोळी-भाजी लपवून खाल्ली जात होती, तिथे अचानक ज्याचे आजोबा इंडियात तो मोठा माणूस झाला.

खेळ आमच्या फोनवर होता, पण आबांना शिकवलं चिरंजीवांनी. व्हिडिओ कॉलवर दोन तास. "आबा, सर्कल फिरवा. फिरवा म्हणजे बोटाने असं ढकला." पोस्टकार्ड मिळायचं ठिकाण घराजवळचं मारुतीचं देऊळ होतं. आबा रोज सकाळी दूध आणायला जाताना तिथे थांबू लागले. पहिल्या दिवशी आमच्या फोनवर देवळाच्या शेंदरी दाराचा फोटो आला, तेव्हा सौ.ने नकळत नमस्कार केला. तीन दिवसांत मॉन्सूनची अळी मिळाली. फोनवर आबांनी चुकीची दुरुस्ती केली: अंगावर केस असतील तर सुरवंट, नसतील तर अळी. चिरंजीवांनी ते वहीत लिहून घेतलं.

नऊ झाली. पंधरातली सहा आली आणि कार्डं थांबली. चार दिवस गेले. आम्हांला ऑफिसच्या गडबडीत कळलंही नाही. चिरंजीवांनी स्वतःहून, आम्हांला न विचारता, पुण्याला फोन लावला. आबांचा गुडघा सुजला होता, जिना उतरता येत नव्हता आणि "उगाच काळजी नको" म्हणून आम्हांला सांगितलं नव्हतं. ते आम्हांला अकरा वर्षांच्या मुलाकडून कळलं. त्यानंतर फोन रविवारची वाट बघेनासा झाला. गुडघा बरा होईपर्यंत आबांनी त्याला गोष्टी सांगितल्या, आणि त्यांत आमचीही एक निघाली: काडेपेटीतलं सोनपाखरू मेलं तेव्हा आम्ही दोन वेळा जेवलो नव्हतो.

जुलै २०२३ मध्ये पुण्याला गेलो. एका सकाळी आबा म्हणाले, वेताळ टेकडीवर अजून बाभळी आहेत. काठी घेऊन निघाले. आम्ही गाडी जिथवर जाते तिथवर नेली, पुढे तिघे चालत. पाऊस भुरभुरत होता. नाकतोडे दिसले, चतुर दिसले, सोनपाखरू काही मिळालं नाही. शेवटी एका बाभळीखाली चिखलात पंखाचं एक कवच सापडलं, फक्त एक, हिरवंगार. आबांनी खिशातून रिकामी काडेपेटी काढली. घरून घेऊनच निघाले होते.

उतरताना चिरंजीव त्यांना जातींचं गणित समजावत होते. किडा गवताला भारी पडतो. पण आग, पक्षी आणि दगड, ह्या तिघांपुढे किड्याचं चालत नाही.

आबा एका दगडावर टेकले. खाली कोथरूडच्या इमारती धुक्यातून वर आल्या होत्या. काठीने तिकडे दाखवून म्हणाले, "आणि बिल्डरपुढे?"

"बिल्डर टाइप नाहीये आबा," चिरंजीव म्हणाले. "मी चेक केलंय."