ऐकीव गंध

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ज्याचा उल्लेख 'तगर' म्हणून आला आहे, जे नाव एका सुगंधी द्रव्याचेही आहे, आणि जिथे पुढे गोरोबाकाकांनी चिखल तुडविला, त्या तेर गावी जन्म घेऊन, आठ दिवस वजा जाता, गेल्या चाळीस वर्षांत ज्याला मातीचा वास आलेला नाही असा इसम बहुधा मी एकटाच असेन.

पडसे मला लहानपणापासूनच. आजी ओव्याची पुरचुंडी हुंगायला देई. वैद्यबुवा षड्बिंदू तेलाचे थेंब नाकात सोडीत आणि सुश्रुताने सांगितलेल्या एकतीस नासारोगांपैकी पीनस माझ्या वाट्यास आल्याचा निवाडा देत. गावाचे निदान मात्र 'नाकाचं हाड वाढलंय' एवढेच होते. पुढे तहशिलीत कारकुनी लागल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले की, हे हाड नव्हे, सोललेल्या द्राक्षांसारखे मऊ कोंब आत दाटले आहेत आणि गंध वरच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचण्याची वाटच बुजली आहे. दोनदा ते काढले, दोनदा ते परत आले. वास नेमका कोणत्या दिवशी गेला, याची कोठेही नोंद नाही. 'बरंय की, घाण तरी येत नाही!' असे लोक म्हणत.

हे 'बरं' मी १९९३ साली भोगले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे निजली असता ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर येथे पंचनाम्यांच्या कामी माझी रवानगी झाली. वरून पाऊस, ओली लाकडे, पेटता पेटेनात अशा चिता. सहकारी तोंडाला फडकी बांधूनही मागे सरत असता मी उघड्या नाकाने दगडमातीच्या ढिगाऱ्यांपाशी बसून नावे लिहीत होतो. सर्वांनी माझ्या धैर्याची तारीफ केली. ती मी निमूटपणे स्वीकारली, हे आजवर कोणास सांगितलेले नाही.

तीन वर्षांनी डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि एके सकाळी, काहीएक वर्दी न देता, फोडणीतला हिंग माझ्या नाकात शिरला. पाठोपाठ कडब्याचा, चामड्याच्या वहाणांचा, आणि ज्या गोधडीत मी रोज निजत होतो तिचा कुबट वास. ''अगं, हिला वास येतोय!'' मी ओरडलो. ही शांतपणे म्हणाली, ''पंधरा वर्षं येतोय. तुम्हाला कुठं कळत होतं? म्हणून नाही सांगितलं.'' त्याच आठवड्यात मी दप्तरखान्यात गेलो आणि निजामी अमलातल्या उर्दू कागदांशेजारी ठेवलेला सास्तूरचा रुमाल सोडला. बराच वेळ हुंगून पाहिला. कागदाला कागदाचाच वास होता, आणि डांबरगोळीचा. आठव्या दिवशी तोही गेला. असल्या गोळ्या फार काळ घेता येत नाहीत, हाडे ठिसूळ होतात.

तेव्हापासून भूमचा खवा माझ्या लेखी गोड आणि मऊ, एवढाच. मूळच्या निर्गंध गॅसमध्ये गळती कळावी म्हणून जो उग्र वास मिसळतात, ती सूचना माझ्यासाठी नसल्यामुळे शेगडीच्या बटणास मी हात लावीत नाही. २०२० साली करोनाने गावोगाव नाके बंद पाडली, तेव्हा शेजारीपाजारी माझ्याकडे सल्ल्यास येऊ लागले. त्यांतील बहुतेकांचा वास परतला, आणि मग ते यायचे थांबले.

पहिल्या पावसाच्या वासाची मात्र मी दरसाल साक्ष घेतो आणि रोजनिशीत रीतसर नोंद करतो. यंदाची नोंद अशी: 'मृग, सायंकाळी पाचचा सुमार. वास ओल्या पाटीसारखा. सांगणार: नात, इयत्ता दुसरी.'