कोरे राहिलेले कान

कुंचला शाईत बुडतो आणि होइची या आंधळ्या गायकाच्या उघड्या पाठीवर सूत्राची अक्षरं उतरू लागतात. मग छाती, दंड, चेहरा, तळपाय. मासाकी कोबायाशींच्या ‘क्वाइदान’ (१९६४) चित्रपटातला हा प्रसंग मी कितीदा तरी पाहिला, तरी दर वेळी जीव त्या दोन कानांत अडकतो. सगळं अंग मंत्राक्षरांनी झाकलं जातं, कान तेवढे राहून जातात. रात्री बोलावणं घेऊन आलेल्या मृत योद्ध्याला होइची दिसतच नाही. दिसतं त्याचं बिवा हे वाद्य आणि अधांतरी दोन कान. धन्याला खूण म्हणून तो तेच उपटून नेतो.

मला त्या योद्ध्याचा राग येत नाही. ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्रात त्याचं हेइके घराणं आपल्या बालसम्राटासकट बुडालं. त्या मेलेल्यांना हवंय तरी काय? आपल्याच शेवटाची कहाणी, चांगल्या गळ्यातून. एवढ्या साध्या मागणीपायी एवढं रक्त सांडतं, हे पाहताना भीतीच्या आधी गलबलून येतं.

चित्रपटातल्या या कथा लिहिल्या लाफ्काडिओ हर्न यांनी. ‘क्वाइदान’ हे त्यांचं पुस्तक १९०४चं, त्यांच्या मृत्यूच्या वर्षातलं. पण अशा कितीतरी कथा त्यांच्या कानी घातल्या त्या पत्नी सेत्सु यांनी, दिव्याची वात बारीक करून. पुस्तकातून वाचून दाखवलेलं त्यांना चालत नसे. सेत्सुंनी आपल्या शब्दांत सांगायचं. चित्रपटातली चौथी गोष्ट, चहाच्या पेल्यात दिसणाऱ्या अनोळखी चेहऱ्याची, मुळात अर्धवटच आहे. हर्न यांनी ती तशीच ठेवली, आणि मला ती चारींत सर्वांत जास्त छळते.

जपानी चित्रकारांना ही राहून गेलेली जागा फार आधी उमगली होती. अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो यांच्या नावावर सांगितलं जाणारं ओयुकीचं भूत बघा. मोकळे केस, पांढरं वस्त्र, कुणावरही रोख नसलेली नजर. कमरेखाली रंग विरत जातो आणि पायांच्या जागी नुसता कोरा पट उरतो. पाय काढले असते, तर ती एक आजारी बाई दिसली असती.

भुताच्या शंभर गोष्टी सांगायच्या आणि दर गोष्टीला एक दिवा मालवायचा, असा एक खेळ एदो काळात रंगे. शंभरावा दिवा विझला की खरंच कुणीतरी येईल, या धास्तीनं नव्याण्णववर थांबायची रीत होती. होकुसाई यांनी १८३०च्या सुमारास या शंभर गोष्टींच्या नावानं चित्रमालिका काढली. तिची पाचच चित्रं आज माहीत आहेत. त्यांतलं ओकिकूचं चित्र मला सोडत नाही. मौल्यवान दहा थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ घेऊन मारलेली ही मोलकरीण. विहिरीतून ती वर येते तेव्हा तिची मानच थाळ्यांची झालेली असते, एकीवर एक रचलेल्या, आणि ओले केस त्यांना वेढून खाली उतरतात. रोज रात्री ती थाळ्या मोजते. नऊवर येते आणि किंचाळते.

एका कथेत कुणीतरी तिच्यासाठी विहिरीपाशी दबा धरून बसतं. तिनं ‘नऊ’ म्हणताच मोठ्यानं ओरडतं, ‘दहा!’ मग ओकिकू पुन्हा वर येत नाही.