घरची शाळा आणि तिचा शेजार

मुलांस शाळेंत घालावें हें आम्हां शिक्षकांस इतकें उघड वाटतें कीं, कोणी सुशिक्षित आईबाप समजून उमजून मुलांस घरींच शिकवितात असें ऐकिलें म्हणजे आमच्या कपाळास प्रथम आठी पडते. आमची एक जुनी विद्यार्थिनी, वसईकडील कॅथलिक घराण्यांतली, लग्नानंतर अमेरिकेंत ओहायओ संस्थानांत जाऊन राहिली आहे. आपल्या मुलांस आपण घरींच शिकवीत आहों, असें तिनें कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस कळविलें. तेव्हांपासून तिचीं पत्रें आम्ही शिक्षकाच्या संशयी नजरेनें, परंतु आस्थेनें वाचीत आलों आहों.

ही चाल तेथें कशी पडली हें प्रथम सांगितलें पाहिजे. तेथील कॅथलिक मंडळीचें शाळेशीं वैर होतें असें मुळींच नाहीं. उलट १८८४ सालीं बाल्टिमोर येथें भरलेल्या बिशपांच्या परिषदेनें, प्रत्येक देवळाजवळ शाळा असावी व आईबापांनीं मुलांस तेथें पाठवावें, असें ठरविलें होतें. या शाळा चालल्या त्या मुख्यत्वें धर्मभगिनींच्या जिवावर. त्या नाममात्र वेतनावर शिकवीत. १९६५ सालीं त्या देशांत सुमारें १ लक्ष ८० हजार धर्मभगिनी होत्या. पुढें ही संख्या झपाट्यानें उतरली, पगारी शिक्षक आले, फी वाढली आणि पुष्कळ शाळा बंद पडल्या. चारपांच मुलांच्या बापास ती फी झेपेना. सरकारी शाळेंत धर्मशिक्षण मिळेना. मग कित्येकांनीं घरचा मार्ग धरिला. १९२५ सालीं ऑरेगन संस्थानाच्या एका खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें, मुलांनीं सरकारी शाळेंतच गेलें पाहिजे अशी सक्ती सरकारास करितां येणार नाहीं, असा निकाल दिला होता. आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं काढिलेल्या शिक्षणविषयक घोषणेंत आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत असें म्हटलें. १९९३ पर्यंत पन्नासही संस्थानांत घरीं शिकविणें कायदेशीर झालें.

पुस्तकांची तेथें वाण नाहीं. व्हर्जिनिया संस्थानांतील फ्रंट रॉयल गांवची सेटन होम स्टडी स्कूल घरबसल्या पुस्तकें व चाचण्या पुरविते, उत्तरपत्रिका तपासते आणि गुणपत्रकही देते. तेव्हां काय शिकवावें ही आमच्या विद्यार्थिनीची अडचण नव्हती. तिची अडचण निराळी होती, आणि ती पहिल्या हिंवाळ्यांतच उभी राहिली.

नवरा पहांटे कामावर जाई. बाहेर गुडघाभर बर्फ. थोरल्यास अपूर्णांक, मधलीस वाचन आणि धाकट्यास सांभाळणें, हें सर्व एकाच टेबलाशीं. शेजारीण भली, पण मुलें शाळेंत कां जात नाहींत या प्रश्नापलीकडे बोलणें जात नसे. त्यांच्या धर्मग्रामांतही सुख नव्हतें. मुलीच्या प्रथम ख्रिस्तशरीराच्या वेळीं, दोन वर्षें धर्मग्रामाच्या वर्गास आल्याशिवाय नांव घेतां येणार नाहीं, असें तेथील कचेरींतून सांगण्यांत आलें. आई रोज घरीं धर्मशिक्षण देते हें कोणी विचारांत घेईना. "सर, दिवसभर बोलून माझा घसा बसतो, आणि तरी दिवसभरांत मी कोणाशीं बोललेंच नाहीं असें वाटतें," असें तिनें त्या फेब्रुवारींत लिहिलें. हें पत्र वाचून आम्हांस फार वाईट वाटलें. वर्गांत एकटें उभें राहून शिकविणाऱ्यास तरी मधल्या सुट्टींत चहाचा पेला आणि सहकाऱ्याची थट्टा मिळते. तिला तेंही नव्हतें.

मदत आली ती एखाद्या संस्थेकडून नव्हे. मंगळवारीं सकाळच्या मिस्सेला ती मुलांसह जाई. शाळेच्या वेळीं देवळांत मुलें पाहून मागच्या बांकावरील एका वृद्ध बाईनें ओळखिलें. त्या बाईनें आपलीं सात मुलें घरींच शिकविलीं होतीं. तिनें हिला दर शुक्रवारीं देवळाच्या तळघरांतील दिवाणखान्यांत नेलें. तेथें आठ कुटुंबें जमत. एक आई लॅटिन शिकवी, दुसरी प्रयोगाचें सामान घेऊन येई, आणि एक निवृत्त आजोबा मुलांच्या हातीं रंधा देत. आमच्या विद्यार्थिनीस तिनें काय द्यावें हें सुचेना. शेवटीं तिनें पाढे घेतले. आपल्याकडे जसे तालावर म्हणतात तसे तिनें ते इंग्रजींत म्हणवून घेतले, आणि तीं गोरीं मुलें आतां वीसपर्यंत न अडखळतां म्हणतात. (आमच्या सातवीच्या वर्गानें याची नोंद घ्यावी.)

पुढें चवथें मूल झालें. बाळंतपणांत तीन आठवडे रोज संध्याकाळीं कोणी ना कोणी कुटुंब शिजविलेलें अन्न दारीं ठेवून जाई. माहेर सात समुद्रांपलीकडे असलेल्या बाईस याची किंमत काय वाटली असेल! कचेरीचा प्रश्नही त्या वृद्ध बाईनेंच फादरांपुढें नेला. त्यांनीं मुलीची तोंडी परीक्षा घेतली आणि तिला पंक्तींत घेतलें.

हें वाचतांना आम्हांस पंडिता रमाबाईंचें स्मरण होतें. त्यांस कोणत्या शाळेनें शिकविलें? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें म्हणून लोकांचा रोष पत्करिला, गंगामूळच्या रानांत राहिले, आणि १८५८ सालीं जन्मलेल्या या मुलीस तिच्या आईनें शिकविलें. विद्या अशी मिळाली कीं १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता म्हटलें. परंतु त्यापूर्वीं दुष्काळ आला तेव्हां या भटकत्या कुटुंबास हांक मारावयास कोणी नव्हतें. वडील, आई व थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानें गेलीं. घरच्या विद्येंत उणें नव्हतें. उणा होता तो शेजार.

आम्ही शाळेचे सेवक आहों, आणि आमचें मत शाळेच्याच बाजूचें आहे. आईवांचून दुसऱ्या माणसाकडून रागावून घेणें, न आवडणाऱ्या मुलाशेजारीं बसणें, हें शिक्षण घरीं मिळणें कठीण. आठ कुटुंबें एकाच मताचीं असलीं म्हणजे मुलांच्या कानीं दुसरें मत पडतच नाहीं, हाही धोका आहे. तसें आम्हीं तिला लिहिलें. तिचें उत्तर आलें कीं, शुक्रवारच्या मंडळींत आतां एक बॅप्टिस्ट कुटुंब येतें, आणि शेजारणीचा मुलगा शनिवारीं रंधा मारावयास येतो. थोरला मुलगा येत्या वर्षीं धर्मप्रांताच्या हायस्कुलांत जाणार आहे. त्याची त्याला भीति वाटत नाहीं, तिला वाटते.

याच पत्रांत तिनें मराठी अंकलिपी मागविली आहे. शुक्रवारच्या मुलांस पावकी, निमकी दाखवावयाची आहे म्हणते. आमच्या कपाटांतील एक प्रत काल टपालांत टाकिली.